साखळी प्रार्थना

बाबा निवृत्त होऊन कायमचे घरी आले, तेव्हा सगळ्यात आधी आमच्या घराचा आवाज बदलला. त्याआधी बाबा म्हणजे शनिवारी संध्याकाळी एस.टी.तून उतरणारी कापडी पिशवी आणि सोमवारी पहाटे तीच पिशवी घेऊन दाराबाहेर जाणारी पाठ. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते. बदल्या व्हायच्या, कधी कारंज्याकडच्या खेड्यात, कधी मंगरूळपीरच्या पलीकडे. तिथेच खोली घेऊन राहायचे, हाताने स्वयंपाक करायचे. वाशीमकडच्या मालेगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाकीचे दिवस मी आणि माय. मोठा भाऊ नोकरीला पुण्याकडे लागलेला. माय बोलत असे. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या सारताना, आंबाडीची भाजी निवडताना, भाकर थापताना तिचं तोंड चालूच असे. कधी माझ्याशी, कधी भिंतीवरून शेजारच्या पाटलीणबाईशी, आणि कोणीच नसलं की देवाशी. देवाशी बोलताना ती आवाज बदलत नसे. पीठ विरी जाऊन भाकर तुटायला लागली तर त्यालाच विचारायची, काहून रे बापा, आज माह्या भाकरीच्या मागे लागला का. तो घरातलाच कुणी असावा आणि पलीकडच्या खोलीत खाटेवर पडलेला असावा, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

तिचं माहेर आसेगावकडचं. आमच्याकडच्या बाया 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात; बाई असो की बुवा, क्रियापद एकच. माय तशीच बोलायची. माझं नाव बाबांनी बायबलातून काढून मार्था ठेवलं, पण त्यातला थ मायला कधी सापडला नाही. मी तिची मार्ताच राहिले. बाबांसमोर मी तिला 'आई' म्हणायचं आणि ते पिशवी घेऊन गेले की 'माय', हा आमचा दोघींचा न ठरवता ठरलेला करार होता. बाबा कायमचे घरी आले आणि तो करार मोडला. आता सोमवार उजाडायचा आणि पिशवी खुंटीवरच असायची.

जेवणाच्या ताटावर शाळा भरू लागली. मी 'पानी' म्हटलं की बाबा तांब्या हातातच धरून ठेवायचे, 'पाणी' ऐकू येईपर्यंत. माय म्हणायची, "अजून वरण देऊ का तुमाले?" की ते ताट मागे घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "तुम्हाला." त्यांचा आवाज कधी चढला नाही, हे मुद्दाम सांगते. ओरडणारा नवरा असता तर मायने तोंडाला तोंड दिलं असतं, तिच्यात तेवढा दम होता. पण हे समजावणं होतं, आणि समजावणाऱ्याशी भांडता येत नाही. हळूहळू ती शब्द निवडून बोलायला लागली आणि निवडण्याचा कंटाळा येऊन कमी बोलायला लागली. तुरीचं वरण तेच, ठेचा तोच, भाकरीचा वास तोच. पण घास गिळल्याचा आवाज ऐकू यावा इतकं आमचं जेवण गप्प झालं.

बाबांना हे वेड कुठून लागलं ते आम्हाला पाठ होतं, कारण तेच सांगायचे, आणि अभिमानाने सांगायचे. ते वाडीवरच्या मजुराच्या घरी जन्मले. मिशनच्या बोर्डिंगात घातलं तेव्हा तिथल्या मास्तरांनी नियम केला होता, दर 'मले'ला हातावर फूटपट्टीचा एक फटका. बाबा दोन्ही तळवे पुढे करून दाखवायचे आणि म्हणायचे, या हातांनी मला माणूस केलं. लहानपणी ती गोष्ट ऐकून मला त्यांची कीव यायची. आता मी साठी ओलांडली आहे आणि मला सगळं समजतं, की वाडीवरचं पोर त्या फूटपट्टीवाचून हेडमास्तर झालं नसतं, की त्यांना आपली भाषा म्हणजे आपली गरिबी वाटत होती आणि ती घरात परत शिरू नये म्हणून ते दारात उभे होते. समजतं म्हणून राग कमी होत नाही. उलट वाढतो. ज्याच्या हातावर वळ उठले त्याला तरी ठाऊक असायला हवं होतं, फूटपट्टी कशी लागते ते.

आमचं चर्च वाशीम रस्त्यावरून थोडं आत, टिनाच्या छताचं. आवारात कडुलिंब आणि त्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तीच घंटा. निवृत्तीचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा केरसुणी घेऊन चर्चमध्ये गेले. त्या दिवसापासून शेवटचं आजारपण येईपर्यंत ते तिथलेच झाले. झाडलोट, घंटा, रविवारची शाळा, वाचनाच्या पाळ्या, आजाऱ्यांच्या भेटी. खोटं कशाला लिहू, त्यांनी जे केलं ते फार थोड्यांनी केलं असतं. कापूस वेचायला आलेल्या परगावच्या मजुरांची पोरं ते कडुलिंबाखाली गोळा करायचे आणि पाटी-पेन्सिल देऊन अक्षरं गिरवून घ्यायचे. ती पोरं ख्रिस्ती नव्हती, बाबांनी त्यांच्यासमोर कधी येशूचं नावही काढलं नाही, फक्त अ-आ-इ शिकवलं. कोणाचा ताप उतरेना तर सायकलवर मागे बसवून स्टँडवर न्यायचे आणि वाशीमच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर बसून राहायचे. मंडळी त्यांना देवमाणूस म्हणायची. आज चर्चमध्ये त्यांच्या नावाचा पंखा आहे, पात्यावर लाल रंगात 'गुरुजींच्या स्मरणार्थ' लिहिलेलं. तो फिरायला लागला की अक्षरं दिसत नाहीत, तेवढा वेळ माझं उपासनेत लक्ष लागतं.

त्यांच्या शुद्धलेखनातून मेलेलेही सुटले नाहीत. कब्रस्तानात साफसफाई करताना एका थडग्यावर त्यांना 'प्रभुत निद्रीस्त' दिसलं. त्यांनी पेंटर गाठला आणि एकाचा उकार दीर्घ, दुसऱ्याची वेलांटी ऱ्हस्व करून घेतली, मग आजूबाजूची थडगीही तपासली. त्या घरची माणसं चिडून आमच्याकडे आली, बापाच्या कबरीला न विचारता हात लावला म्हणून. बाबांनी त्यांना बसवलं, मायला चहा टाकायला सांगितला आणि ऱ्हस्व-दीर्घाचा नियम समजावला. चहा पिऊन ती माणसं बाबांचीच माफी मागून गेली. मी आणि माय आत पदर तोंडात धरून हसत होतो. त्यांना हसलेलं मला आठवतं ते हे शेवटचं.

आता साखळी प्रार्थनेचं सांगायला हवं, कारण ती माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. उपासनेच्या शेवटी लग्न झालेली सगळी माणसं बाकांवर डोळे मिटून बसतात आणि एका टोकापासून एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. एकाचं 'आमेन' झालं की शेजारच्याने सुरू करायचं, असं पुरुषांकडून बायांकडे येत येत शेवटच्या बाकापर्यंत. मधे कोणी बोलत नाही, कोणी कुणाला अडवत नाही, कारण बोलणारा देवाशी बोलत असतो. आम्ही कुवार पोरी आणि लेकरं पुढे सतरंजीवर बसायचो, आम्हाला पाळी नसे.

पण देवाच्या निमित्ताने ती साखळी दुसरंच काम करायची, आणि ते चर्च चालवणाऱ्या पाळकसाहेबांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. बायांना नवऱ्यासमोर जे बोलता येत नसे ते त्या तिथे देवाला सांगायच्या. मायच्या शेजारी बसणाऱ्या रिबकाकाकूने एकदा प्रार्थना केली होती, की बापा, आमच्या घरी पोरी हातपंपावरून पानी वाहून राहिल्या आणि एक धडधाकट मानूस खाटेवर बसून राह्यते, तुले वरतून दिसतच असन. पुढच्या रांगेत काका डोळे गच्च मिटून बसले होते, कान तेवढे लाल झाले. दुसऱ्या दिवशी ते बादल्या घेऊन हातपंपावर. कुणी छताच्या गळतीचं सांगायची, कुणी सासूच्या जिभेचं. पुरुषांना राग धरता येत नसे, कारण बायको त्यांच्याशी बोललीच नव्हती. आणि ऐकलं नाही असंही म्हणता येत नसे, कारण सगळ्या मंडळीने 'आमेन' म्हटलेलं असे. मायचा त्यात हातखंडा होता. माहेरी जाऊन लय दिवस झाले, माहा रस्ता तूच मोकया कर बापा, असं ती एकदा म्हणाली आणि त्याच आठवड्यात बाबांनी तिला आसेगावच्या गाडीत बसवून दिलं. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांच्या बायासुद्धा लेकरू आजारी पडलं की तिला बोलवायला यायच्या, तारामावशी, तुह्या देवाले सांग म्हणून. तिच्या बोलण्यात गोडवा होता असं मला म्हणायचं नाही. तिला मागता येत होतं.

बाबांनी निवृत्तीनंतर बायांसाठी गुरुवारी वाचनाचा वर्ग काढला. आपण देवाशी बोलतो, बाजारात नाही, असं ते म्हणायचे, आणि बाया एकमेकींना कोपर मारून हसायच्या. वर्गात त्यांनी सगळ्यांना दुरुस्त केलं. घरी मला आणि मायला दुरुस्त केलं. पण प्रार्थना चालू असताना त्यांनी कुणाला कधी अडवलं नव्हतं. तेवढी एक जागा शाबूत होती.

मी बारावी झाले त्या वर्षी मिशनच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाई आमच्या भागात शिबिर घ्यायला आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात, दिवसभराच्या प्रवासावर. शिबिरात मी त्यांना पाणी आणून देत होते, मग कापूस देऊ लागले, मग एका पोराच्या पायाची जखम त्यांनी मला धुवायला सांगितली. पोरगं किंचाळत होतं आणि माझा हात हलला नाही. मेट्रनबाईंनी पाहून घेतलं. संध्याकाळी त्या बाबांना म्हणाल्या, ही मुलगी मला द्या, नर्सिंगला घालते, माझ्याजवळ राहील. बाबा म्हणाले, पाहू. बाबांचं 'पाहू' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. रविवारच्या शाळेला त्यांना मी हवी होते. आपण गेल्यावर कडुलिंबाखालच्या पोरांना कोण पाहणार, असं ते म्हणायचे, आणि ते मी, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मेट्रनबाईंची साबण लावून कोपरापर्यंत हात धुण्याची पद्धत मी हौदावर करून पाहत होते. ती बाई पुरुषांना 'बसा' म्हणायची आणि पुरुष बसायचे. मला ते 'बसा' म्हणायचं होतं. बाबांना तोंडावर विचारायची आमच्या घरात रीत नव्हती. त्यांनी शांतपणे समजावलं असतं आणि मी हरले असते. मेट्रनबाई जाताना सांगून गेल्या, की कापणीच्या सणाला त्या पाहुण्यांबरोबर जीपने परत येतील, सोमवारी सकाळी निघतील, मला यायचं असेल तर तयार राहायचं. त्या वर्षीच्या जागा तेवढ्यातच भरणार होत्या. मी चुलीपाशी बसून रडत होते, तर माय भाकर उलटत म्हणाली, "कायले रडून राह्यली व? आयतवारले साखळीत माहा नंबर येते. मी देवाले सांगतो. तुहा बाप आयकते."

तो आठवडा माय तयारीला लागली होती. भाकर थापताना ती पुटपुटायची आणि मी जवळ गेले की थांबायची. एकदा तिने मला विचारलं, त्या शिकण्याले काय म्हनते. मी सांगितलं, नर्सिंग. तिने ते तोंडात घोळवून पाहिलं, नरशिंग, नरशिंग, आणि स्वतःशीच हसली. मग म्हणाली, राहू दे, दवाखान्याचं शिक्शन म्हनतो, देवाले समजते. आणि बाबा येताना दिसले तशी गप्प झाली. आयुष्यात कोणी माझ्यासाठी एवढी तयारी केलेली मला आठवत नाही.

कापणीच्या सणाला चर्चच्या खांबांना ज्वारीची कणसं बांधली होती, वेदीपाशी भोपळे, शेंगा, तुरीच्या ओल्या फांद्या, रिबकाकाकूच्या घरची पाय बांधलेली कोंबडी. पाहुणे समोर खुर्च्यांवर बसले, शहरातले वरिष्ठ पाळक, दोन कमिटीवाले आणि मेट्रनबाई. बाबाही तिकडेच, मंडळीकडे तोंड करून, पांढऱ्या इस्तरीच्या कपड्यात. बाहेरच्या लोकांसमोर सगळं नीट व्हावं म्हणून ते पहाटेपासून उभे होते. गीतं झाली, बायबलातलं वचन वाचून झालं, संदेश झाला, आणि साखळी सुरू झाली. मी सतरंजीवर डोळे मिटून एकेक 'आमेन' मोजत नव्हते, पण साखळी सरकत मागे चालली आहे हे पाठीला कळत होतं. मग मायचा आवाज आला. नेहमीचाच, चुलीपाशी असतो तसा.

"बापा, तू आमचा मायबाप. मी तुले सदा तरास देत नाई. आज येक गोष्ट मांगतो..."

"मागते," बाबा म्हणाले.

हळूच म्हणाले, वर्गात म्हणतात तसं. मला वाटलं मलाच भास झाला. वेदीपाशी बांधलेली कोंबडी तेवढी फडफडली. माय थांबली आणि मग तिने त्यांचं ऐकलं. "मागते," ती म्हणाली. "मागते, देवा. माह्या पोरीले..."

"माझ्या मुलीला."

यानंतर माय काही बोलली नाही. मी डोळे उघडले होते, उघडायचे नसतात तरी. बाबांचे मिटलेले होते. चेहरा शांत, हात जोडलेले. तिच्या बाजूने मला फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज आला, पदर सारखा करताना येतो तसा. ती शांतता लांबायला लागली तशी वरिष्ठ पाळकांनी घसा खाकरला. आणि मग बाबांनीच ती प्रार्थना पुरी केली. हे स्वर्गीय पित्या, या भगिनीच्या अंतःकरणातली विनंती तू जाणतोस, तुझ्या इच्छेप्रमाणे ती सफळ कर. भगिनी म्हणाले ते तिला. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं, मेट्रनबाईंनीही. रिबकाकाकूने पुढचं सुरू केलं आणि साखळी चालती झाली.

घरी येताना बाबा मायला एवढंच म्हणाले, की बाहेरची माणसं आली होती, त्यांच्यासमोर आपली शोभा व्हायला नको. माय पायांकडे बघत चालत होती. दुपारी पाहुणे आमच्याकडेच जेवायला होते. पातोडीचा रस्सा, कोंबडीचं कालवण, तांदळाची खीर. पुरुष आणि मेट्रनबाई बाहेरच्या खोलीत बसले होते, मी दारापाशी भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी. मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विषय काढला, मग गुरुजी, काय ठरलं हिचं?

बाबांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुलगी काही बोलली नाही. आणि तिच्या आईनेही तशी काही इच्छा बोलून दाखवली नाही."

मेट्रनबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. माय चुलीकडे तोंड करून बसली होती, भाकर तव्यावर टाकून. तिने वळून पाहिलं नाही. मेट्रनबाई हुशार बाई होत्या, पण त्या घरच्या पाहुण्या होत्या आणि गुरुजींना सगळे मानत होते. त्यांनी अजून थोडा रस्सा मागितला. सोमवारी सकाळी जीप गेली. मी चर्चच्या आवारात झाडत होते, वाशीमच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचा आवाज येत राहिला. पुढच्या वर्षीच्या शिबिराला दुसऱ्या बाई आल्या, त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं.

मायने त्यानंतर मोठ्याने प्रार्थना केली नाही. भांडली नाही, रुसली नाही, चर्चला जायचीही थांबली नाही. तिच्या जागी तशीच बसायची, पाळी आली की डोकं खाली, आणि काहीच नाही. सुरुवातीला मंडळी थांबायची. मग रिबकाकाकूने तिच्यावरून उडी मारायला शिकून घेतलं. आधीच्या बाईचं 'आमेन' झालं की जरा दम खाऊन ती स्वतःच सुरू करायची. पुढे ती उडी इतकी सवयीची झाली की नवी सून कोणी लग्न होऊन आली तर तिला सांगितलं जायचं, तारामावशीचं मधे सोडायचं असते. शेजारच्या बाया लेकरांसाठी बोलवायला यायच्या, त्यांना माय म्हणायची, गुरुजींले न्या, त्यांचं चांगलं असते. हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या. चुलीपाशीही ती देवाशी बोलेनाशी झाली. भाकर थापल्याचा आवाज तेवढा राहिला.

मी रविवारची शाळा घेतली, बाबांना हवं होतं तसं. नंतर बालवाडीत लागले, लग्न झालं, कारंज्याला गेले, संसार झाला, वाईट झाला असं म्हणण्यासारखं काही नाही. पण दवाखान्याच्या दारात गेले की अजून माझी नजर आधी हात धुण्याच्या नळाकडे जाते. तिथल्या पोरी 'बसा' म्हणतात आणि मी बसते. मधे चर्चच्या कमिटीने स्मरणिकेसाठी गुरुजींवर दोन शब्द मागितले. मी घंटा, केरसुणी, कडुलिंबाखालची पोरं, सगळं लिहून दिलं. ते खरंच आहे. त्यांनी ते छापलं, एकही चूक न होता.

बाबा थकले होते तेव्हाची गोष्ट, मी माहेरी गेले होते. ओसरीवर ते आणि मीच होतो. मी इतकी वर्षं जपून ठेवलेलं विचारलं, की त्या दिवशी आई माझ्यासाठी काय मागणार होती हे तुम्हाला कळलं होतं का. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला. नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, आणि हो म्हणाले असते तर निदान त्यांच्याशी एकदा भांडले असते. ते म्हणाले, "काय मागणार होती ते तिला विचार. मी फक्त क्रियापद दुरुस्त केलं."

मी तिलाही विचारलं होतं, फार आधी. ती म्हणाली होती, जाऊ दे व मार्ता, पीठ वाऱ्यानं उडून राह्यलं, दार लोट.

शेवटच्या आजारपणात बाबांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत होतं. एका रविवारी उपासना झाल्यावर दुपारी सगळी मंडळी आमच्याकडे आली. खोलीत मावेनात म्हणून काही दारात उभे राहिले. पाळकसाहेबांनी साखळी सुरू केली. गुरुजींनी काय काय केलं याचं देवाला पुन्हा पुन्हा सांगून झालं, पुरुषांचं झालं, बायांकडे आलं. माय उशाशी बसली होती, हातात ओला फडका. तिच्या आधीच्या बाईचं 'आमेन' झालं आणि रिबकाकाकूने सवयीप्रमाणे दम खाल्ला. तेवढ्यात बाबांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि थांबा अशी खूण केली. त्यांचे डोळे उघडे होते. आवाज राहिला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"तारा, तू कर. जसं येतं तसं बोल."

मी मायकडे बघत होते. मला वाटलं ती बोलेल; खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं की बोलू नये. तिने फडका पिळला, त्यांच्या कपाळावर नीट ठेवला, कडा सारख्या केल्या. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत,

"मला येत नाही."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.